बिनआमदाराचे दिल्ली मामा

तंजावरात डिसेंबर महिन्यात स्वेटर घालणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या मेल वीदीत, म्हणजे पश्चिमेकडच्या मोठ्या रस्त्यावर, ते आमच्या शेजारच्या घरात राहत. महिन्याची पहिली तारीख उजाडली की हनुमंतराव बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर चढवून तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, पेपर वाचत बसायचे. घाम कानशिलांवरून ओघळत असायचा. कोणी विचारलेच तर म्हणायचे, "हवा कशीहि असो. तारीख थंडीची आहे."

सगळी वीदी त्यांना दिल्ली मामा म्हणायची. पस्तीस वर्षे दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत काढून, निवृत्त होऊन, ते सुंदरा मामींसह वडिलांच्या घरी परत आले होते. मुलगी लग्न होऊन बंगळूरला होती. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, चार वाजताचा चहा आणि कचेरीची भाषा. चहामुळे आमचा दूधवाला चकित झाला. कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, गावात रोज चहा पिणाऱ्या माणसाला काही आजार असणार, असे त्याने मामींना हळूच विचारले होते. कचेरीच्या भाषेचा त्रास मात्र फक्त मामींना. त्यांनी मिक्सर मागितला, तेव्हा मामा म्हणाले, "विचाराधीन आहे." त्या दिवसापासून मामींनी दहीभाताबरोबर लोणचे वाढणे बंद केले. मामांनी दोन वेळा ताटाकडे पाहिले, तिसऱ्या वेळी विचारले. मामी म्हणाल्या, "तेंहि विचाराधीन आहे." मिक्सर त्याच आठवड्यात आला.

मी तेव्हा गावातल्या शाळेत हिंदी शिकवत होते. त्यामुळे आमच्या तंजावरी मराठी लोकांत जी थोडी माणसे देवनागरी वाचू शकत, त्यांत माझी गणना होती. आमचे मराठी घरातले, तोंडचे. पुढे पुण्याला आले तेव्हा लोक म्हणाले की तुम्ही जुन्या नाटकातल्यासारखे बोलता. मामांचे बोलणे तर त्याहून जुने. पस्तीस वर्षे दिल्लीत राहूनही ते 'मज' आणि 'तुज' म्हणत. वर सरकारी इंग्रजीची फोडणी, आणि राग आला की तमिळ.

राग त्यांना एकाच गोष्टीचा येई. त्यांना आयुष्यात कधी आमदार निवडता आला नव्हता.

ही तक्रार ऐकून प्रथम सगळे हसत, मीही हसले. मग मामा ती समजावून सांगत. पहिली निवडणूक झाली तेव्हा त्यांचे मतदानाचे वय झाले नव्हते. वय झाले आणि नोकरी लागली ती दिल्लीत. दिल्लीला तेव्हा विधानसभा होती. मामा गाडीतून उतरले, सरकारी क्वार्टर मिळायची वाट पाहत एका खोलीत गादी पसरली, आणि त्याच हंगामात सरकारने दिल्लीची विधानसभा गुंडाळली. राजधानी साऱ्या देशाची, तिथे वेगळे राज्य कशाला, असा विचार. पुढे एक महानगर परिषद दिली. तिचे काम शिफारस करणे. खासदार निवडता येई, तो कायदे करायला. पण रस्ता, नळ, पोलीस, शाळा यांसाठी ज्याची गचांडी धरावी असा आपला माणूस दिल्लीकराला नव्हता. "चपरासी गांवीं मनिऑर्डर पाठवी," मामा म्हणत, "त्याच्या बापास आमदार. मी राजधानींत सेक्शन ऑफिसर, मज नाहीं."

समोरच्या घरात मानोजी अण्णा राहत. त्यांचे पूर्वज राजवाड्यात कुठल्याशा खात्यावर होते आणि अण्णांचा अभिमान अजून त्या खात्यावरून निवृत्त झाला नव्हता. एकदा ते म्हणाले की आम्ही तंजावरचे, राजधानीचे लोक, आम्हाला आमदार-खासदारांचे काय कौतुक. मामांनी पेपर खाली ठेवला. "बरोबर. राजधानींतल्या लोकांस मत नसतेंच. तुमच्या पणजोबांनीं कोणास मत दिलें होतें?" अण्णा दोन दिवस रस्ता ओलांडून आले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा प्यायला आले.

आमदार नसला की काय होते, हे सांगताना मामा नळाची गोष्ट सांगत. त्यांच्या क्वार्टरच्या जिन्यातला नळ गळत होता. महापालिका म्हणाली, जमीन केंद्राची. केंद्राचे बांधकाम खाते म्हणाले, पाइप महापालिकेचा. महानगर परिषदेच्या सभासदाने शिफारस करू म्हणून सांगितले आणि खरोखरच केली, पण ती कुणाकडे करावी हे त्यालाही ठाऊक नव्हते. खासदार म्हणाले, अधिवेशन सुरू होऊ द्या. तोवर मामी रोज नळाला चिंधी बांधत आणि रोज ती गळून पडे.

शेवटी मामांनी एक पत्र लिहिले, थेट तंजावरच्या आमदाराला. मी आपल्या गावचा, सध्या दिल्लीत असल्यामुळे मला आमदार नाही, तरी दिल्लीत विधानसभा येईपर्यंत आपण मला उसने मिळावे आणि माझा नळ दुरुस्त करून द्यावा. आमदार गमत्या असावा किंवा त्याचा चिटणीस फार शिस्तीचा असावा. पत्र मद्रासला गेले, तिथे त्याच्यावर शिक्के बसले आणि 'योग्य कार्यवाहीसाठी' म्हणून ते दिल्लीच्या मंत्रालयात आले. दिल्लीतल्या नळाशी मद्रास राज्याचा काय संबंध, हे कुठल्याच खात्याला कळेना. कळेना म्हणून सगळी खाती घाबरली. एके सकाळी इंजिनियर जिन्यात हजर झाले, जुना नळ काढून नवा पितळी बसवला आणि जाता जाता एकाने अदबीने विचारले की आमदारसाहेब आपले कोण. मामा म्हणाले, "उसने आहेत."

ही गोष्ट मामा इतक्या वेळा सांगत की मामी आतूनच शेवटचे वाक्य म्हणून टाकत.

पण गोष्टीचा खरा कडवट भाग निवृत्तीच्या वेळचा. एक्क्याण्णवच्या अखेरीस मामा सामान बांधत होते. पितळेची भांडी गोणपाटात शिवली जात होती, आणि त्याच महिन्यात संसदेत दिल्लीला विधानसभा देणारा कायदा मंजूर झाला. पूर्ण राज्य नव्हेच, पोलीस आणि जमीन केंद्राने आपल्या नायब राज्यपालाकडे ठेवली, पण आमदार मिळणार होते. मामांनी ती बातमी रेल्वेच्या डब्यात, ट्रंकेवर बसून वाचली. मामी सांगत की भोपाळपर्यंत ते तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, "मी आलों तेव्हां बंद केली. मी निघालों तेव्हां उघडली."

मानोजी अण्णांना हे कळले तेव्हा त्यांना आयुष्यभराची चैन झाली. रोज सकाळी रस्ता ओलांडून यायचे आणि विचारायचे की दिल्लीवाल्यांना तुमची एवढी भीती कसली.

इथे आल्यावर तरी मामांनी ताबडतोब यादीत नाव घालावे की नाही. नाव नोंदवण्याचे काम आम्हा शिक्षकांवरच असते. मी फॉर्म घेऊन त्यांच्या तिण्णैवर गेले. मामांनी मला चहा दिला, फॉर्म नीट वाचला आणि परत केला. "दिल्लींतलें नांव काढल्याचें उत्तर येऊं दे. एका माणसाचें नांव दोन ठिकाणीं असणें बरें नव्हे." नाव काढा म्हणून त्यांनी दिल्लीला लिहिले होते. उत्तर आले नाही. पुन्हा लिहिले. दिल्लीत ज्यांनी उत्तर द्यायचे ते सगळे मामांसारखेच दिल्लीत शिकलेले, तेव्हा प्रकरण विचाराधीन राहिले. मामा दिल्लीचे नाहीत, तंजावरचे नाहीत, असे अधांतरी. मी म्हटले की मामा, एवढे कोण पाहतो? ते म्हणाले, "पस्तीस वर्षें मीच पाहात होतों."

त्र्याण्णव साली दिल्लीची निवडणूक जाहीर झाली. तेव्हा कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ नुकताच उघडला होता आणि आमच्या वीदीत अजून कुणाच्या घरी फोन नव्हता. बूथवाला धावत आला, दिल्लीहून फोन आहे म्हणाला. मामांचे तिथले शेजारी खन्ना होते. खन्नांनी आनंदाने ओरडून सांगितले, ते रस्त्यावरच्या सगळ्यांनी ऐकले. यादी छापून आली आहे, तुझे नाव तिच्यात तसेच आहे, भाभींचेही आहे, ये आणि मत दे.

मामा बूथमधून बाहेर आले ते थेट घरात गेले. दोन दिवस पेपर घडी न मोडता पडून राहिला. तिसऱ्या दिवशी ते स्टेशनवर जाऊन तिकिटे काढून आले. नियमावर बोट ठेवणारा माणूस शेवटी मोहात पडला याचा वीदीला फारच आनंद झाला. मानोजी अण्णांनी शेवंतीचा हार आणला आणि लढाईवर निघालेल्या सरदाराला घालावा तसा मामांच्या गळ्यात घातला. मामी मागून हातात पुळियोदरैचा, चिंचेच्या भाताचा, डबा घेऊन रिक्षात चढल्या. त्यांना कुणी हार घातला नाही.

पुढचे मला मामींनी सांगितले, नारळ खोवता खोवता.

मतदानाच्या सकाळी मामांनी बंद गळ्याचा कोट इस्त्री करवून घातला. थंडी होती, आणि स्वेटर दोन वर्षांनी योग्य गावात होता. केंद्र एका शाळेत. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. मामा रांगेत असे उभे होते की जणू लग्नाची वरात आहे आणि ते वराचे काका. पुढच्यामागच्या सगळ्यांना नळाची गोष्ट सांगून झाली. खन्ना पुढे होते, ते मत देऊन बोट उंच करून बाहेर आले.

मामांची पाळी आली. टेबलावरच्या कारकुनाने त्यांचे नाव मोठ्याने वाचले. मामांनी सांगितले की हे नाव माझेच आहे, पण मी आता इथे राहत नाही, तंजावरला राहतो, तरी कृपा करून ते काढून टाकावे.

कारकुनाने केंद्राध्यक्षाला बोलावले. तो तरुण होता. त्याने यादी पाहिली, मामांना पाहिले आणि म्हणाला की नाव आहे, माणूस आहे, मत द्या आणि पुढे चला, मागे लोक खोळंबलेत. मामा म्हणाले, नाही, मी इथला रहिवासी नाही. मग तुम्हाला आणले कुणी, त्याने विचारले. स्वतःच्या पैशाने आलो, मामा म्हणाले. तो पोरगा अगदी गोंधळून गेला. मत द्यायचे नव्हते तर एवढा वेळ रांगेत कशाला उभे राहिलात?

मामा त्याला हिंदीत जे म्हणाले, ते खन्नांनी दारातून ऐकले आणि मामींना सांगितले. मामींनी ते मला आमच्या मराठीत सांगितले. "पस्तीस वर्षें या रांगेची वाट पाहिली. ती कोठें पोंचते तें पाहावयास आलों."

केंद्राध्यक्षाने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितले की नाव काढणे त्याच्या हातात नाही, त्यासाठी दुसरी कचेरी आहे. हे ऐकून मामांना म्हणे घरी आल्यासारखे वाटले.

परतीच्या गाडीत मामा फार खुशीत होते. डब्यातल्या सगळ्यांना तत्त्व म्हणजे काय ते समजावत होते. मोह सगळ्यांना होतो, दाराशी जाऊन परत फिरणे महत्त्वाचे, असे काही. मामी मान डोलावत होत्या. दिल्लीहून निघाल्यापासून त्यांचा डावा हात पदराखाली होता. मामांना वाटले, थंडी.

नागपूर आले. मामांनी संत्री घेतली आणि एक मामींच्या हातात दिले. संत्रे एका हाताने सोलता येत नाही. मामींचा डावा हात बाहेर आला. तर्जनीवर, नखापासून पेरापर्यंत, जांभळी रेघ.

"हें काय?" मामांनी विचारले.

"शाई."

"तूं मत दिलेंस?"

"नांव होतें. हांक मारिली. गेलें."

"पण आपण तेथें राहात नाहीं."

"तें तुम्हीं सांगितलेंत ना त्यांस," मामी म्हणाल्या, "घरांतून एकानें सांगितलें तर पुरें." आणि संत्र्याची फोड त्यांच्यापुढे धरली.

मामांनी फोड घेतली नाही. खिडकीबाहेर पाहत बसले. मामी मला सांगत होत्या की मी पण तिथे पस्तीस वर्षे काढली, चिंध्या मीच बांधल्या, ते फक्त पत्रे लिहीत. मला कुणी विचारले नाही की तू कुठे राहतेस, विचारले असते तर सांगितले असते. हे सांगताना त्यांच्या खोवणीचा वेग जराही कमी झाला नाही.

विजयवाडा आले तेव्हा मामा वळले. चेहरा कठोर ठेवून, पण आवाज बराच खाली आणून त्यांनी विचारले, "कोणास दिलेंस?"

मामी म्हणाल्या, "गुप्त मतदान आहे."

त्यांनी ते मामांना कधीच सांगितले नाही. मलाही नाही. पुढे कितीतरी महिने मामा आडून आडून खडे टाकत. पेपर वाचताना दिल्लीच्या एखाद्या उमेदवाराचे नाव मोठ्याने घ्यायचे आणि चष्म्यावरून मामींकडे पाहायचे. मामी कढीपत्ता निवडत असायच्या.

त्या प्रवासानंतर मामांनी मला स्वतःहून बोलावून फॉर्म मागितला. दिल्लीचे उत्तर आले नव्हतेच, पण आपण केंद्राध्यक्षासमोर तोंडी निवेदन केले आहे, तेव्हा सदसद्विवेकबुद्धीपुरते नाव निघाले असे धरावे, असा त्यांनी निर्णय दिला. मी दोघांची नावे नोंदवली. मामींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "घाल. येथेंहि हांक मारितील."

शहाण्णवला इथली निवडणूक आली. मामा त्रेसष्ट वर्षांचे होते आणि नवरदेवासारखे वागत होते. लाउडस्पीकर लावलेल्या रिक्षा वीदीतून फिरत, भिंती रंगत. इतर लोक उमेदवार आला की हात जोडून दार लावून घेत. मामा त्यांना तिण्णैवर बसवत. एकही सुटला नाही. प्रत्येकाला कापी मिळायची आणि एकच प्रश्न: राज्यपालांना न विचारता तुम्ही काय काय करू शकता? उमेदवारांची तयारी दारू, रेशन, कावेरीचे पाणी यांवर झालेली. हा प्रश्न त्यांना कुणी शिकवलेला नव्हता. एक जण म्हणाला की राज्यपालांचा नि आमचा काय संबंध. मामांचे डोळे चमकले. त्यांनी त्याला दुसऱ्यांदा ते वाक्य म्हणायला लावले. त्या माणसाला वाटले, मत पक्के झाले.

मतदानाच्या दिवशी मामा पुरुषांच्या रांगेत पहिले होते, मी शेजारी बायकांच्या रांगेत. आत गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्यांचे पाय दिसत होते, हलत नव्हते. एजंट खोकले, अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले. शेवटी मामा बाहेर आले, मतपत्रिका पेटीत टाकली, आणि पेटीच्या फटीकडे थोडा वेळ पाहत राहिले. शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली मामींनी विचारले की एवढा वेळ काय चालले होते. मामा म्हणाले की सगळी नावे वाचली, अपक्षांचीसुद्धा. मामींनी त्यांच्या हातातली छत्री घेतली, उघडली आणि दोघांच्या डोक्यावर धरली. कोणाला मत दिले ते मात्र त्यांनी विचारले नाही. त्याचा मामांना थोडा राग आला असावा.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली. शाळेतून मोकळे होताना मला एका दाखल्यावर आमदाराची सही लागत होती. मामांना सांगितले तर म्हणाले, चल, मी जातोच आहे. ते दर आठवड्याला जात असत हे मला तेव्हा कळले. काम काही नसे. जाऊन बसायचे.

कार्यालय म्हणजे एका घराचा पुढचा भाग. बाहेर शामियान्याखाली बाक, बाकांवर गावाबाहेरच्या वस्त्यांतून आलेली माणसे. कुणाचा कालवा फुटलेला, कुणाची पेन्शन अडलेली. मामा त्यांच्यामध्ये अगदी ऐसपैस बसले. शेजारच्या बाईने त्यांना विचारले की तुमचे काय काम. मामा तमिळमध्ये म्हणाले, काही नाही, आमदार बघायला आलो.

आमदार आतून आले तसे सगळे उठले, हात जोडले. मीही उठले. मामा उठले नाहीत. मला कानकोंडे झाले. आमदार एकेकाचे ऐकत, सही करत आमच्यापर्यंत आले. माझ्या दाखल्यावर सही केली. मग मामांकडे वळून विचारले की सर, आज तरी काही काम आहे का?

मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तमिळमध्येच म्हणाले, "एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी तुम्हाला मत दिले नाही."

चिटणिसाने कागदांवरून मान वर केली. ती शेजारची बाई मामांपासून जरा दूर सरकली.

आमदार हसले. म्हणाले, "अंदाज होता, सर. पण आमदार तर तुमचाच ना?"

"त्यासाठीच येतो," मामा म्हणाले.

कालव्याची तक्रार घेऊन सकाळपासून उभा असलेला एक माणूस रुमालाने मान पुसत तिथेच घुटमळला. मामा बाकावर थोडे सरकले आणि त्याला बसायला जागा करून दिली.